एकोणिसावे लुगडे

इंदूचा मळा, धार–मांडू रस्ता
सोमवार, ११ ऑक्टोबर २००४

राजमान्य राजश्री प्रतापराव यांचे सेवेसी,

मानाजी खानविलकर याचा आदरपूर्वक मुजरा पोहोचावा. आपण वयाने मजहून धाकटे असलात तरी माझ्या पत्नीचे बंधू आहात, तेव्हा मुजऱ्याचा मान आपलाच. तो मी चौतीस वर्षे चुकविलेला नाही आणि आता ज्या व्यक्तीमुळे हे नाते जडले तीच नाही म्हणून चुकविणार नाही. आपल्या गुडघ्यांस बडोद्याचे ते नवे तेल मानवले असेल अशी आशा आहे. वहिनीसाहेबांचा रक्तदाब उतरला असावा. नसल्यास त्यास अंशतः मी कारणीभूत आहे, हे पुढे ओघाने येईलच. माझी प्रकृती ठीक आहे. उजव्या नडगीवर दोन आणि डाव्या मांडीवर एक अशा तीन जखमा आहेत. तिन्ही खुरांच्या आहेत आणि तिन्ही भरत आल्या आहेत.

आपले सहा तारखेचे पत्र आज सकाळी मिळाले. त्यात आपण तीन विषय हाताळले आहेत. पहिला, येथील सर्व जनावरे काढून टाकून मी बडोद्यास कायमचे राहावयास यावे, आणि त्यासाठी दसऱ्यानंतरच्या सोमवारी आपण गाडी पाठवीत आहात. दुसरा, जनावरे पाळावयाचीच असतील तर आपला चि. प्रणव ऑस्ट्रेलियातून सुचवितो त्याप्रमाणे काही प्रतिष्ठित प्राणी पाळावेत. (मळा मोकळा करण्याचा आणि त्यात परदेशी पाहुणे भरण्याचा सल्ला एकाच पानावर देण्यास मनाचा मोठेपणा लागतो. तो आपल्या घराण्यात पूर्वीपासून आहे.) तिसरा विषय आपण अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात लिहिला आहे: 'धारच्या बाजारात आपण लुगडे खरेदी केल्याचे कानावर आले. काय समजावे?' मी तिन्हींची उत्तरे देतो. कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे काढल्यामुळे प्रश्न अनुत्तरित ठेवण्याची मला सवय नाही.

प्रथम प्रणवने पाठविलेले अल्पाकाचे छायाचित्र. ते मी दिवाणखान्यात भिंतीस लावले आहे. मेंढी आणि उंट यांनी कधीकाळी भांडण आपसात मिटवून घेतले असावे आणि तडजोडीचा मसुदा म्हणून हा प्राणी निघाला असावा, असे त्याच्याकडे पाहून वाटते. मान ताठ, कपाळावर केसांचा झुपका, आणि चेहऱ्यावर 'माझ्याकडे कोणतीही फाईल आणू नका' असा भाव. आमच्या कारखान्यात हुबेहूब असे एक लेखाधिकारी होते. प्रणव लिहितो की हा प्राणी शांत व स्वच्छ आहे, कळपाने एकाच ठरावीक जागी लेंड्या टाकतो, आणि त्याची लोकर अतिशय ऊबदार असते. ऊब ही वस्तू आम्हास मे महिन्यात धार येथे किती कमी पडते हे मुलाने लहानपणी सुट्टीत पाहिलेच आहे. शिवाय धारच्या वाचनालयातील ज्ञानकोशात मला असे आढळले की मनाविरुद्ध काही घडल्यास अल्पाका समोरच्याच्या अंगावर थुंकतो. ही बाब प्रणवच्या पत्रातून निसटली. मनाविरुद्ध वागणूक सहन करण्यासाठी पेरू देशातून प्राणी मागविण्याची आवश्यकता नाही, हे आमच्याकडील सध्याच्या मंडळींची ओळख करून दिल्यास आपल्या ध्यानात येईल.

आपली भगिनी इंदू गेली तेव्हा तिच्या मागे मी, अकरा बदके, सहा ससे, नऊ कडकनाथ कोंबड्या आणि एक शेळी असा परिवार राहिला. या क्रमात माझे स्थान पहिले आहे असा माझा समज होता. बदकांनी तो आठवड्याभरात दूर केला. बदकांना सकाळी साडेसातला सोडावे व सायंकाळी साडेपाचला आत घ्यावे असे वेळापत्रक मी आखले आणि खुराड्याच्या दारावर चिकटविले. बदके साडेपाचला येत नाहीत. ती शेजारी भैयासाहेबांच्या तळ्यात बसून राहतात, आणि मी काठावर घड्याळ हातात घेऊन उभा राहिलो की एकमेकांकडे पाहून काही बोलतात. इंदू पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून तो हलवीत असे व ती रांगेत येत. मीही हलवितो. येतात, परंतु डबा इंदूच्या हाती नाही याची खात्री करून, आणि मग परत जातात. कोंबड्यांविषयी तक्रार नाही. त्या पिसांपासून हाडांपर्यंत काळ्या आहेत, आणि माझ्याविषयीचे त्यांचे मतही त्याच रंगाचे असून त्या ते लपवीत नाहीत. सशांनी आजवर माझे काहीही वाईट केलेले नाही. ते घरातील एकमेव सभ्य गृहस्थ आहेत.

राहिली शेळी. तिचे नाव इंदूने 'सरकार' असे ठेवले, हे आपणास ठाऊक आहे. तिच्या चालण्यात आपल्या आजीसाहेबांची चाल दिसते असे तिचे म्हणणे होते. (ते मी आपणांस कधी कळविले नव्हते. आता कळवितो.) इंदू तिच्याविषयी आदरार्थी बोले, गडीमाणसेही तसेच बोलू लागली, आणि आज मला एकवचनात बोलावयाचे झाल्यास जीभ अडखळते. सरकार सकाळी उठतात. सरकार दालन झाडल्याखेरीज खात नाहीत. सरकारांचे करडू राखीपौर्णिमेस मांडूच्या एका कुटुंबास दिले, त्याविषयी त्यांची नाराजी अद्याप गेलेली नाही. आणि सरकार पुरुषाच्या हाती दूध देत नाहीत.

हा नियम मला मे महिन्यात कळता तर पुढील सारे टळले असते. परंतु तेव्हापासून मळ्यावर कामास असलेल्या भवानीबाई दोन्ही वेळा येऊन दूध काढीत होत्या. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या बाळंतपणासाठी पीपलरावां गावी गेल्या. जाताना मी त्यांना विचारले की दूध काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत कोणती. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले (मी इस्त्रीची विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता) आणि म्हणाल्या, "दाजीसाब, पद्धत कसली? सरकारला आदमी नी चालत. बाईंचं रोजचं लुगडं गुंडाळा अन् बसा खाली. शकल नी दाखवायची, बस."

मी हसलो नाही. मी विज्ञानाचा पदवीधर आहे आणि वासाचे महत्त्व जाणतो. परंतु बाईंचे लुगडे मी कोठून आणणार होतो?

येथे मला वैशाखातील, ती गेल्यानंतरचा, चौदावा दिवस आठवावा लागतो. आपणही होता. सवाष्ण गेलेल्या बाईची लुगडी घरच्या बायकांना वाटावीत ही आपली रीत; ती मी मोडली नाही. उलट ती इतक्या काटेकोरपणे पाळली की आजही आपल्या नात्यात तिचा उल्लेख होतो, असे ऐकतो. उपस्थित बायका एकोणीस. कपाटातील लुगडी अठरा. आता एकीस वगळणे म्हणजे अन्याय, म्हणून मी गोठ्याच्या खुंटीवरचे इंदूचे रोजचे अंजिरी सुती लुगडे काढले, स्वहस्ते घडी घालून एकोणीस हा अंक पुरा केला, आणि कोणी पक्षपाताचा आरोप करू नये यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. आपल्या चुलत भगिनी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "अहो दाजी, एखादं तरी ठेवा घरात." मी त्यांना उत्तर दिले की 'एखादे' ही संख्या नव्हे. एकोणिसावी चिठ्ठी वहिनीसाहेबांस निघाली.

त्या लुगड्याचा पदर एका बाजूने दीड वीत खाल्लेला होता, त्यास शेळीचा वास होता, आणि ते नणंदेची आठवण म्हणून वहिनीसाहेबांनी सर्वांसमक्ष हसतमुखाने स्वीकारले. ते हसू बडोद्यास पोहोचेपर्यंत टिकले नाही, हे आपल्या त्यानंतरच्या प्रत्येक पत्रातील 'सौ. ठीक आहे' या तीन शब्दांवरून मी ओळखून आहे. अठरा बायकांना महेश्वरी, इंदुरी, पैठणी. आणि एकुलत्या एका भावाच्या पत्नीस शेळीचे उष्टे. चिठ्ठी न्यायी होती, प्रतापराव. न्यायाने माणसे दुखावतात हे मला उशिरा कळले.

तर लुगडे बडोद्यात आणि सरकार येथे. पहिले तीन दिवस भैयासाहेबांच्या गड्याने मागचे पाय धरावे व मी दूध काढावे असा प्रयोग झाला. माझ्या मोजपात्रात (होय, मी मोजपात्र वापरतो) दीडशे मिलिलिटर आले. इंदूच्या काळी बाराशे येत असे. धारचे पशुवैद्य येऊन गेले. कासेवर हात ठेवून म्हणाले की दूध असेच तुंबत राहिले तर कास दगडासारखी होईल, मग दूधही नाही आणि कदाचित शेळीही नाही. त्यांनी मलम दिले. मलम लावण्यासाठीही कासेपर्यंत पोहोचावे लागते, याची नोंद त्यांनी घेतली नव्हती.

म्हणून पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी मी धारच्या बाजारात गेलो. अंजिरी रंगाचे, सुती, नऊवारी, बारीक काठाचे, असे चार गुण सांगितले. दुकानदार ओळखीचे. पितृपक्षात नवे वस्त्र कोणी घेत नाही, म्हणून त्यांनी मोठ्या समजुतीने स्वतःच एक वाट काढून दिली: "अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बोलावली असेल, तिच्या ओटीसाठी ना, साहेब?" एवढ्यावर 'हो' म्हटले असते तर सर्वांची इभ्रत राहिली असती. परंतु पहिल्या वर्षी नवमी करावी की नाही यावर आमच्या गुरुजींचे अद्याप मत ठरलेले नाही, सवाष्ण बोलावलेली नव्हती, आणि मी खोटे बोलत नाही. मी म्हणालो, "नाही. मला स्वतःसाठी हवे आहे."

दुकानदारांनी उलगडलेल्या लुगड्याची पुन्हा घडी घातली. तेव्हा गादीच्या दुसऱ्या टोकास पंचे पाहात बसलेले भैयासाहेब मला दिसले. त्यांनी 'स्वतःसाठी' या शब्दाचा त्यांच्या दृष्टीने एकमेव शक्य असा अर्थ लावला आणि, आता कळते, त्याच सायंकाळी आपणांस दूरध्वनी केला. पाच महिने झाले नाहीत, पितृपक्ष चालू, आणि दाजीसाहेब नवरीसाठी लुगडी घेत हिंडतात! आपण मजवर रागावला असाल. त्या अर्थाने रागावणे अगदी रास्त आहे. वस्तुस्थिती त्याहून पुष्कळ वाईट आहे.

नऊवारी नेसणे ही क्रिया मी चौतीस वर्षे रोज पाहिली आणि एकदाही पाहिली नाही असे मला त्या दिवशी आढळून आले. कागदावर आकृती काढून, धोतराचे तत्त्व लावून, पाऊण तासात ते कसेबसे बसले. मिशा झाकण्यासाठी पदर डोक्यावरून पुढे ओढला. नव्या लुगड्यास खळ फार. मी गोठ्याकडे चाललो तेव्हा कोणी पापड मोडीत येत आहे असा आवाज होत होता. सरकारांनी मान वळविली. प्रथम माझा वास घेतला, नंतर लुगड्याचा, आणि मग अशा नजरेने पाहिले की अल्पाकाचे छायाचित्र त्यापुढे प्रेमळ वाटावे. त्यानंतर त्यांनी नवा पदर खावयास घेतला. ते मी शुभचिन्ह समजलो आणि खाली बसलो.

याच वेळी भैयासाहेब देवासच्या एका गृहस्थांस घेऊन आले. त्यांना सर्वजण भाऊ म्हणतात. त्यांची एक भगिनी आहे, बालवाडीतून निवृत्त झालेली, स्वभावाने शांत. पितृपक्षात कोणी सोयरिकीची बोलणी करीत नाही, म्हणून ते केवळ बदके पाहावयास आले होते. कडक टोपी आणि नवे जोडे घालून मनुष्य बदके पाहावयास येतो, ही माळव्याची रसिकता.

गोठ्याच्या दारातून त्यांना माझी पाठ दिसली.

"बाई, दाजीसाहेब आहेत का घरात?" भाऊंनी विचारले.

"आहेत," मी म्हणालो. खोटे बोलणे शक्य नव्हते. "दूध काढीत आहेत."

"मग जरा निरोप द्या ना त्यांना."

"निरोप पोहोचला आहे."

भैयासाहेबांनी माझा आवाज ओळखला. "अरे भिया!" एवढेच ते म्हणाले, आणि मग, "दाजी, ये काय नवीन सुरू केलं तुम्ही?" मी आदर म्हणून उठून उभा राहिलो. उठताना सरकारांवरची पकड सुटली. त्यांनी प्रथम भांडे उडविले, मग मला, आणि तोंडात पदर तसाच असल्याने नऊ वारांपैकी सुमारे चार वार सोबत घेऊन त्या अंगणात निघाल्या. उरलेल्या पाच वारांत मी पाहुण्यांस बसावयास सांगितले आणि चहा घेणार का असे विचारले. भाऊ बदके न पाहताच गेले. ते स्थळ आता आपण मिटल्याचे समजावे. वहिनीसाहेबांनाही कळवावे; रक्तदाबास बरे. दूध तेव्हापासून पुन्हा गड्याने पाय धरूनच निघते, आणि तेही जेमतेम.

आपण म्हणाल, एका शेळीपायी हा सारा अट्टहास कशासाठी? शेळी बाजारात जाते, दुसरी येते. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मी एकदाच लिहितो, त्यावर आपण पत्रात काही लिहू नये. इंदूरच्या रुग्णालयात, शेवटच्या दुपारी, तिने डोळे उघडून विचारले, "सरकारांचं दूध काढलं का हो?" मी दोन दिवस तिच्या उशाशी होतो. मळ्यावर काय चालले आहे याची मला सुतराम कल्पना नव्हती, मी कोणास विचारलेही नव्हते. आणि त्या दिवशी भवानीबाई आल्याच नव्हत्या हे मागाहून कळले. मी म्हणालो, "हो." ती बरे म्हणाली आणि तिने डोळे मिटले. चौतीस वर्षांत मी तिला दिलेले ते एकमेव खोटे उत्तर, आणि तेच शेवटचे निघाले. तपासणी विभागातील मनुष्यास हे गैरसोयीचे आहे.

असो. आपला सल्ला मी शांतपणे विचारात घेतला आहे. आपण म्हणता ते खरे: मी या कामास अपात्र आहे. बदकांचे, कोंबड्यांचे आणि सरकारांचे याबाबत एकमत आहे, आणि माझा विरोध केवळ तत्त्वापुरता उरला आहे. तरी दसऱ्यानंतरच्या सोमवारी आपण गाडी पाठवावी. जनावरे आपल्या परिचितांकडे रवाना करून मी त्याच गाडीने बडोद्यास येतो. आपल्या मधल्या खोलीत मला जागा द्यावी. मी कोणास त्रास देत नाही. वेळापत्रक माझे मी आखतो.

लहानथोर सर्वांस यथायोग्य सांगावे. लिहिण्यात अधिकउणे झाले असल्यास शेळीचे समजून पोटात घालावे.

आपला दाजी,
मानाजी खानविलकर

ता. क. (सोमवार, सायंकाळ) एक किरकोळ गोष्ट राहिली. वहिनीसाहेबांकडील ते अंजिरी लुगडे गाडी निघण्यापूर्वीच टपालाने परत पाठविल्यास उपकार होतील. त्याच्या बदली नवे, त्याच रंगाचे, सोबतच्या पुडक्यात पाठवीत आहे. ते एकदाच नेसलेले आहे, आणि तेही मी. पदर एका बाजूने खाल्लेला आहे, त्यामुळे वहिनीसाहेबांस फारसा फरक जाणवू नये. त्यांची मनापासून क्षमा मागतो. ही ओळ त्यांस वाचून दाखवावी. जुने लुगडे मात्र पाठविण्यापूर्वी धुऊ नये. धुतले असल्यास तसेही पाठवावे.

ता. क. २ (मंगळवार) पुडके टपालात टाकण्यास आज जमले नाही, त्यामुळे पत्रही राहिले. गाडीविषयी फेरविचार करता, ती तूर्त पाठवू नये. बदकांना प्रवास मानवत नाही. हे त्यांनी मला सांगितलेले नाही, परंतु आज सायंकाळी साडेपाचला ती आपणहून आत आली आणि खुराड्याच्या दारावरील कागदासमोर काही वेळ उभी राहिली. शिस्त रुजत असताना बदली करणे कोणत्याही विभागास हितावह नसते. प्रणवला विचारावे की अल्पाकास पुरुषाच्या हाताचे वावडे असते काय. केवळ माहितीसाठी.

ता. क. ३ (बुधवार, सर्वपित्री अमावास्या) वस्तुस्थिती दडवून ठेवणे मला जमत नाही, म्हणून कळविणे भाग आहे. आज सकाळी मी विजार आणि सदरा याच वेषात गोठ्यात जाऊन बसलो. भांडे नेले नव्हते. सरकारांना रुग्णालयातील ती दुपार सांगितली. मी कोणास विचारले नव्हते, हेही सांगितले. त्या बराच वेळ रवंथ करीत राहिल्या, आणि मग माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, जशा इंदूसाठी राहात. मी धावत जाऊन मोजपात्र आणले. अकराशे मिलिलिटर.

इंदूस दिलेले उत्तर आता खरे झाले आहे. पाच महिने उशिरा, परंतु खरे. तेव्हा शेळीसाठी लुगड्याची आता काही गरज उरलेली नाही.

ते तरीही पाठवावे.